शेवटचे वीस फूट : संगणकाची बिनतारी जोडणी मंद का होते?



नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही एका ग्रामपंचायतीचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. सकाळचे अकरा वाजले आहेत. दूरच्या पाड्यावरील एक शेतमजूर पहिली एस. टी. गाठून दाखल्याच्या अर्जासाठी आला आहे. त्याच्या मागे मुलीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे घेऊन एक माउली उभी आहे. केंद्रचालकाने संगणक सुरू केला आहे, संकेतस्थळ उघडण्याची आज्ञा दिली आहे आणि पडद्यावर एक लहानसे वर्तुळ गरगर फिरत आहे. दहा मिनिटे जातात, वीस मिनिटे जातात. अखेर उत्तर मिळते, "आज नेट चालत नाही, उद्या या." शेतमजुराची आजची मजुरी बुडालेली असते आणि उद्याचीही बुडणार असते.

या नित्याच्या प्रसंगात एक विसंगती दडलेली असते व ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच कार्यालयात, त्याच राउटरवर जोडलेला एखादा मोबाईल फोन विनाविलंब चालत असतो. बाहेरून येणारी लाइन मंद असेल, तर दोन्ही यंत्रे रखडावयास हवीत. एक धावते आणि दुसरे रखडते, याचा अर्थ दोष लाइनमध्ये नसून राउटर आणि संगणक यांच्या दरम्यान कोठे तरी आहे. तो कोठे असतो, तो कसा शोधावा आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी काय तपासावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

शेतापर्यंत आलेले पाणी

देशातील ग्रामपंचायती प्रकाशतंतूच्या तारेने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. हीच योजना पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला आणि अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. 'आपले सरकार सेवा केंद्रां'च्या द्वारे या सेवा गावात पोहोचविण्यात येऊ लागल्या. शाळांनाही विद्यार्थ्यांची माहिती यू-डायसवर भरावी लागते व वेतनाची देयके शालार्थ प्रणालीतून पाठवावी लागतात. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेचा विद्यार्थी तर घरी बसूनच शिकत असतो. या सर्व व्यवहारांची मदार एका गोष्टीवर आहे व ती म्हणजे टेबलावरील संगणकापर्यंत पोहोचणारी जोडणी.

गंगापूर धरणाचे पाणी कालव्यातून कोसच्या कोस वाहत येते. परंतु शेवटची शेतचारी फुटकी असेल, तर पीक वाळते आणि शेतकरी मात्र धरणाला बोल लावतो. संगणकाच्या जोडणीचेही तसेच आहे. शेकडो किलोमीटरची प्रकाशतंतूची वाट धडधाकट असते. राउटरपासून संगणकापर्यंतचे वीस फुटांचे अंतर मात्र हवेतून, भिंतीतून आणि लोखंडी कपाटाच्या आडून पार करावे लागते. अनेकदा वेग गळतो तो याच शेवटच्या वीस फुटांत.

बिनतारी लहरींचा स्वभाव

दोष शोधावयाचा, तर प्रथम लहरींचा स्वभाव जाणून घ्यावयास हवा. हे शास्त्र भारताला परके नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कलकत्त्यात अतिसूक्ष्म लांबीच्या विद्युतलहरींवर प्रयोग केले आणि भिंतीपलीकडची घंटा तारेवाचून वाजवून दाखविली होती. आज ज्याला वाय-फाय म्हणतात, त्याचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९७ साली निश्चित झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना २००५ साली परवान्यातून सूट मिळाली आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही मुभा २०१८ साली बरीच विस्तृत करण्यात आली. घराघरांत राउटर दिसू लागण्यामागे ही सूटही एक कारण आहे.

या दोन पट्ट्यांचे गुणधर्म भिन्न आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ती भिंतीतून तुलनेने बरी पार जाते. परंतु या पट्ट्यात जागा थोडी व गर्दी फार. त्यात एकमेकांस न अडविणारे असे तीनच मार्ग उपलब्ध असतात व ते म्हणजे चॅनेल १, ६ आणि ११. शेजाऱ्याचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि मायक्रोवेव्ह भट्टीदेखील याच पट्ट्यात गोंगाट करतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाच-सहा सेंटिमीटर असते. या पट्ट्यात मार्ग पुष्कळ आहेत व वेग अधिक मिळतो. परंतु जाड भिंत आली, की ही लहर लवकर क्षीण होते.

नाशिक शहरातील जुन्या वाड्यांच्या जाड विटांच्या व दगडी भिंती, पेठ-सुरगाण्याकडील काळ्या पाषाणात बांधलेल्या इमारती, आणि सातपूर-अंबड येथील पत्र्याच्या शेड या तिन्ही ठिकाणी लहरींची वागणूक निरनिराळी असते. दगड व ओली वीट लहर शोषून घेतात. लोखंड आणि पत्रा ती परत फेकतात. उलट गंगापूर रोड किंवा इंदिरानगरसारख्या दाट वस्तीच्या भागात भिंती पातळ असल्या तरी एकाच इमारतीत दहा-पंधरा राउटर एकाच वेळी बोलत असतात. म्हणून एका ठिकाणी लागू पडलेला उपाय दुसऱ्या ठिकाणी लागू पडेलच, असे समजू नये.

गर्दी झाली म्हणजे वेग का कमी होतो, हे नाशिककरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर आखाडे ठरलेल्या क्रमाने स्नानाला उतरतात. आधीचा आखाडा कुंडात रेंगाळला, की मागच्या सर्वांचा खोळंबा होतो. वाय-फायच्या एका चॅनेलवरही एका वेळी एकालाच बोलता येते. त्यातील एखादे जुने वा दूर बसलेले यंत्र सावकाश बोलू लागले, तर जवळच्या वेगवान यंत्रांनाही आपल्या पाळीची वाट पाहत थांबावे लागते. त्यामुळे कोपऱ्यातील एका संगणकाचे दुबळे कार्ड संपूर्ण कार्यालयाचा वेग खाऊ शकते.

टेबलावरच्या संगणकाचे वेगळे दुखणे

मोबाईल आणि लॅपटॉप यांचे अँटेना यंत्राच्या कडांना वा पडद्याभोवती बसविलेले असतात. ते हवेत उंच असतात व वापरणारा त्यांना सहज हलवतो. टेबलावरच्या संगणकाची स्थिती याच्या उलट असते. त्याची पेटी पोलादी पत्र्याची, ती ठेवलेली टेबलाखाली, आणि वायफाय कार्डाचे अँटेना पेटीच्या मागील बाजूस, भिंतीकडे तोंड करून असतात. राउटर ज्या दिशेला आहे, त्या दिशेला संगणकाची स्वतःचीच पोलादी पेटी आडवी आलेली असते. जवळ कागदपत्रांचे लोखंडी कपाट असेल, तर दुष्काळात तेरावा महिना.

याहूनही साधा दोष पुष्कळदा आढळतो. काही संगणकांत वाय-फायची सोय मूळ मंडलावरच असते आणि अँटेना मात्र खोक्यात वेगळे दिलेले असतात. ते मागील पितळी टोकांवर फिरवून बसवावे लागतात. बसविणाऱ्याने ते बसविलेच नाहीत, तरी राउटर खोलीत असल्यास जोडणी होते. परंतु ती अत्यंत अशक्त असते. वर्षानुवर्षे 'लाइन खराब आहे' म्हणून ज्याच्या नावाने खडे फोडले जातात, तो संगणक कधी कधी अँटेनाशिवायच चालत असतो.

दोषशोधनाच्या पायऱ्या

दोषशोधनाचा मूलमंत्र एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर मोजावे, आणि मोजलेले लिहून ठेवावे. चार गोष्टी एकदम बदलून सुधारणा झाली, तरी गुण कशाचा हे कळत नाही व दोष परत आला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

पहिली पायरी : लाइन आणि हवा यांना वेगळे करावे. संगणक नेटवर्कच्या तारेने थेट राउटरला जोडावा, वाय-फाय बंद करावे आणि वेग मोजावा. तारेवरही वेग कमी आला, तर दोष बिनतारी कार्डाचा नाही. सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. तारेवर पुरेसा वेग मिळाला व तार काढताच तो घसरला, तर दोष शेवटच्या वीस फुटांत आहे, हे सिद्ध झाले.

मोजताना एका गोष्टीविषयी सावध असावे. सेवेचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइल उतरविताना पडद्यावर बहुधा मेगाबाइट दिसतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ४० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदास ५ मेगाबाइटपेक्षा अधिक मिळू शकत नाही. हा हिशेब माहीत नसल्यामुळेही कित्येक तक्रारी केल्या जातात.

दुसरी पायरी : संगणकाच्या जागी दुसरे यंत्र ठेवून पाहावे. मोबाईल हातात घेऊन नव्हे, तर संगणकाचे अँटेना जेथे आहेत तेथे, म्हणजे टेबलाखाली भिंतीजवळ धरून वेग मोजावा. त्यापूर्वी मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करावा. अन्यथा मोजमाप वाय-फायचे न होता मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याचे होते. तेथे मोबाईलही मंद झाला, तर दोष जागेचा आहे. मोबाईल वेगवान राहिला, तर दोष कार्डाचा, अँटेनाचा किंवा आज्ञावलीचा आहे.

तिसरी पायरी : संदेशाचे बळ पाहावे. हे बळ मोजणारी साधने मोबाईलवर मिळतात व ती बळ उणे संख्येत दाखवितात. उणे ५० च्या आसपासचे बळ उत्तम, उणे ६५ पर्यंतचे कामचलाऊ आणि उणे ८० च्या खालचे दुबळे समजावे. ही श्रेणी सरळ चालीची नाही. दहा अंकांची घट म्हणजे बळ एकदशांशावर येणे. म्हणून उणे ६० आणि उणे ८० यांत शंभर पटींचा फरक असतो. दोन वीत अँटेना सरकवून सहा-आठ अंकांची सुधारणा होत असेल, तर तिला क्षुल्लक समजू नये.

चौथी पायरी : जागा बदलावी. राउटर कुलूपबंद लोखंडी कपाटात, जमिनीवर किंवा कोपऱ्यात असेल, तर तो उंचावर व मोकळ्या जागी आणावा. संगणकाची पेटी टेबलावर घ्यावी किंवा तिची पाठ राउटरच्या दिशेने वळवावी. बाहेर आणता येईल असा तारेचा अँटेना मिळतो. तो पेटीच्या माथ्यावर ठेवावा. यूएसबी खाचेत बसणारे डोंगल असेल, तर ते मागील खाचेतून काढून यूएसबीच्या जोडतारेने टेबलावर आणावे. यात दुहेरी लाभ आहे. लोखंडाचा आडोसा टळतो. तसेच यूएसबी ३.० च्या खाचा व बाह्य डिस्क यांपासून निघणारा २.४ गिगाहर्ट्झमधील गोंगाटही दूर राहतो. पेन ड्राइव्ह किंवा डिस्क लावताच जोडणी रखडत असेल, तर हेच कारण प्रथम तपासावे.

पाचवी पायरी : पट्टा व चॅनेल पाहावे. राउटर दोन्ही पट्ट्यांत चालत असून संगणक त्याच खोलीत असेल, तर संगणक ५ गिगाहर्ट्झवर जोडावा. मध्ये दगडी भिंत असेल, तर २.४ बरा. त्यात १, ६ आणि ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. शेजारचा राउटर ६ वर असताना आपण ५ किंवा ७ निवडणे म्हणजे भजन चालू असताना शेजारच्या खोलीत दुसरे भजन सुरू करणे होय. कोणाचेच शब्द कळत नाहीत.

सहावी पायरी : सुरक्षेची पद्धत तपासावी. जुन्या राउटरांत कधी कधी डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली राहते. २००९ साली आलेल्या मानकानुसार या जुन्या पद्धतींबरोबर जोडणी ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ व एईएस ही पद्धत निवडताच सांकेतिक वेग वाढतो आणि जोडणी अधिक सुरक्षितही होते. नागरिकांच्या नोंदी हाताळणाऱ्या कार्यालयात हा बदल वेगासाठी नाही, तरी सुरक्षेसाठी आवश्यकच मानावा.

सातवी पायरी : कार्डाची आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, पाहावा. संगणकाची मूळ प्रणाली अनेकदा सर्वसाधारण ड्रायव्हरवर कार्ड चालविते व त्यात कार्डाची पूर्ण क्षमता वापरली जात नाही. कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून योग्य ड्रायव्हर घ्यावा. प्रणालीच्या नव्या आवृत्तीनंतर मंदपणा सुरू झाला असेल, तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक संगणकांवर नवी प्रणाली बसविली जाते. जुन्या कार्डाला तीवर योग्य ड्रायव्हर मिळतो का, हे प्रणाली बदलण्यापूर्वीच पाहिलेले बरे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर वीज वाचविण्यासाठी यंत्र बंद करण्याची जी मुभा असते, तीही काढावी. थोडा वेळ काम थांबले की जोडणी झोपी जाते व पुन्हा जागी होताना रखडते, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

आठवी पायरी : घरभेदी शोधावा. टास्क मॅनेजरमध्ये कोणता कार्यक्रम किती जोडणी वापरतो, हे दिसते. प्रणालीच्या सुधारणा पार्श्वभूमीवर उतरत असतील किंवा छायाचित्रांची साठवण चालू असेल, तर दाखल्याच्या पानाला वाट मिळत नाही. अशी कामे कार्यालयीन वेळेनंतर करण्याची व्यवस्था करावी.

दोष दूर असेल तर

या सर्व पायऱ्या चढूनही पान उघडत नसेल, तर दोष कार्यालयाबाहेर असू शकतो. ते ठरविण्याचे साधन सोपे आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरच्या पत्त्यावर 'पिंग' ही आज्ञा द्यावी. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो व तो राउटरच्या तळाशी छापलेला आढळतो. उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत व सातत्याने येत असेल, तर बिनतारी मार्ग निकोप आहे. कधी ३, कधी ३००, तर कधी उत्तरच नाही, असे होत असेल, तर हवेतील दोष कायम आहे. मार्ग निकोप असून एकच संकेतस्थळ रखडत असेल, तर त्या संकेतस्थळावरील भार वाढलेला असावा. अशा वेळी कार्ड बदलून काहीही साधणार नाही.

गोंगाट आणि संदेश यांचे नाते समजून घ्यावयाचे, तर नाशिक-पुणे मार्गावरील नारायणगावाजवळचे खोडद हे उदाहरण घेता येईल. तेथे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना असलेली विशाल रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातील अत्यंत क्षीण लहरी टिपावयाच्या असल्यामुळे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा तिच्यासाठी निवडण्यात आली. एवढ्या प्रचंड अँटेनालाही शांत परिसर लागतो. मग बोटाएवढ्या अँटेनाने कपाटामागून, गर्दीतून आणि जाड भिंतीआडून स्वच्छ ऐकावे, ही अपेक्षा कशी पुरी व्हावी? अँटेनाला योग्य जागा देणे हा दोन्हीकडे पहिला नियम आहे.

सर्वांत स्वस्त उपाय

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मोबाईल हिंडतो म्हणून त्याला बिनतारी जोडणी हवी. टेबलावरचा संगणक वर्षानुवर्षे एकाच जागी उभा असतो. त्याला तार जोडणे शक्य असेल, तेथे तारच जोडावी. नेटवर्कच्या नेहमीच्या तांब्याच्या तारेवर १०० मीटरपर्यंत जोडणी सुरळीत चालते; त्या तारेला शेजाऱ्याचा राउटर अडवीत नाही व लोखंडी कपाटही अडवीत नाही. वीस फूट तार, दोन टोके आणि भिंतीवरून नेण्याची पट्टी एवढाच खर्च असतो. तार मात्र चांगली व आतील चारही जोड्या नीट बसविलेली असावी; एखादी जोडी तुटकी असल्यास हजार मेगाबिटची जोडणी शंभरावर येते.

तार नेणे शक्यच नसेल आणि आठही पायऱ्या पार पडल्या असतील, तरच नवे कार्ड घेण्याचा विचार करावा. एकाच अँटेनाचे, केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे व खोक्यावर १५० मेगाबिट छापलेले जुने कार्ड गर्दीच्या जागी नेहमीच्या रुंदीच्या चॅनेलवर ७२ मेगाबिटचीच जोडणी देते, आणि प्रत्यक्ष हाती येणारा वेग त्याच्याही निम्म्याच्या आसपास असतो. अशा वेळी दोन्ही पट्ट्यांत चालणारे, दोन अँटेनांचे व अँटेना बाहेर टेबलावर आणता येणारे कार्ड घ्यावे. संपूर्ण संगणक बदलण्याचे कारण तरीही उरत नाही.

एक पान नोंदीचे

प्रत्येक ग्रामपंचायतीत व शाळेत एक साधी वही असावी. तीत दिनांक, वेळ, संगणकाची जागा, तारेवरील वेग, बिनतारी वेग, संदेशाचे बळ आणि केलेला बदल एवढे सात रकाने पुरेत. सकाळी, दुपारी व सायंकाळी आठवडाभर नोंद घेतली, की दोषाचे स्वरूप पुष्कळसे स्पष्ट होते. दुपारीच वेग घसरतो, तर गर्दी. नेहमीच कमी, तर जागा वा कार्ड. पावसात वा वीज गेल्यावर जोडणी सर्वत्र बंद, तर बाहेरची लाइन किंवा राउटरचा वीजपुरवठा. सेवा पुरविणाऱ्याकडे 'नेट चालत नाही' अशी मोघम तक्रार करण्यापेक्षा हे पान जोडून तक्रार केली, तर तिचे वजन निराळेच पडते.

नव्या संगणकाचा वा राउटरचा प्रस्ताव मासिक सभेपुढे आला, म्हणजे पंचायत सदस्यांनीही हेच पान मागावे. तारेवर वेग किती होता? टेबलाखाली मोबाईलने किती दाखविला? अँटेना बसविले आहेत काय? हे तीन प्रश्न विचारण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. गावाच्या निधीतून होणारा खर्च हा गावाचा पैसा आहे आणि न मोजता केलेल्या खरेदीने दोष जसाच्या तसा राहण्याचा संभव असतो. नवा संगणक आणून तो त्याच टेबलाखाली, त्याच कपाटाआड ठेवला, तर पडद्यावरचे वर्तुळ पूर्ववत फिरत राहील.

शिक्षकवर्गाला या कामात विशेष स्थान आहे. ही वही विद्यार्थ्यांकडून भरून घेतली, तर परावर्तन, शोषण व लहरलांबी हे पुस्तकातील शब्द त्यांना वर्गाच्या भिंतीवरच भेटतील. लोखंडी कपाट मध्ये असताना व ते बाजूला केल्यावर संदेशाचे बळ किती बदलते, हा एकही पैसा न लागणारा प्रयोग आहे. शास्त्रीय दृष्टी भाषणांनी येत नाही. ती अशा मोजमापाच्या सवयीने येते.

सारांश, मंद जोडणी हे दैव नव्हे आणि तो सदैव कंपनीचा किंवा शासनाचा दोषही नव्हे. ते एक लक्षण आहे व त्याला ठरावीक कारणे आहेत. ताप आला म्हणजे वैद्य प्रथम नाडी पाहतो. औषधाची बाटली नंतर उघडतो. संगणकाच्या बाबतीतही प्रथम मोजावे, मग ठरवावे आणि शेवटी खर्च करावा. प्रकाशतंतू गावच्या वेशीपर्यंत आणण्याचे काम मोठमोठ्या यंत्रणांचे आहे. शेवटचे वीस फूट मात्र ज्याच्या त्याच्या कार्यालयाच्या हातात आहेत. ते नीट सांभाळले गेले, तर दूरच्या पाड्यावरून आलेला तो शेतमजूर दुपारच्या आत दाखल्याच्या अर्जाची पोच घेऊन परतीच्या एस. टी.त बसेल व त्याची उद्याची मजुरी तरी शाबूत राहील.